बेचाळिसावा ठिपका

३ एप्रिल, सोमवार
आमचे विभागप्रमुख नाम सर यांनी आलेखावरचे एकेचाळीस ठिपके पुसायला सांगितले. शांतपणे, कॉफी ढवळत. "बू बाई, यंत्र बिघडलंय हे मान्य करा. मासिकाकडून आपला शोधनिबंध तपासणाऱ्यांचंही तेच म्हणणं आहे." जेजू बेटाच्या या कड्यावर बसून तीन वर्षं मी हवेतलं आयोडीन मोजतेय. आलेख एरवी सपाट, आणि मधूनच हे ठिपके — दहापट उंच. यंत्र बिघडलं म्हटलं तर बाकीचे आकडे तरी कोण खरे मानणार? तीन वर्षं पाण्यात. निबंध सुधारून पाठवायला महिनाअखेरची मुदत आहे.
पुसणार नाही.

४ एप्रिल
यंत्र सांभाळते ती ग्योंग-आ. तिने ते पुन्हा सगळं खोललं, नळ्या धुतल्या. ठणठणीत! "याला काही झालेलं नाही," म्हणाली. "तुझ्या नाम सरांना खोलून बघू का?" हसून हसून पोट दुखलं.

८ एप्रिल, शनिवार
बेचाळिसावा! संध्याकाळी पाचला आकडा चढायला लागला आणि चढतच गेला. छपरावर बसून एकटीनेच गार किंबाप, म्हणजे शेवाळात गुंडाळलेला भात, खाऊन आनंद साजरा केला. शिंकांनी मात्र बेजार. चीनकडची पिवळी धूळ आली असणार.
आईचा फोन. "उद्या जेवायला ये. आज पाणी लांब गेलं होतं, शेवाळ भरपूर मिळालंय." सत्तरीची झाली तरी शेवाळासाठी समुद्रात बुड्या मारणं सोडत नाही.

९ एप्रिल, रविवार
आईच्या स्वयंपाकघरात शेवाळ घातलेलं डुकराचं सूप ओरपत होते. समोर भिंतीवर मच्छीमार संस्थेचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर. कालच्या चौकोनात पेन्सिलीचा गोल — गुडघ्याच्या गोळ्यांची खूण असावी. खाली छापलेलं: मोठी ओहोटी.
चमचा तसाच राहिला. पाणी लांब गेलं की खडकावरचं शेवाळ उघडं पडतं. उघडं पडलं की आयोडीन सोडतं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते! आणि बुड्या मारणारीची पोर, चंद्राच्या तिथींवर वाढलेली, तीन वर्षं सगळे ठिपके इंग्रजी महिन्यांवर मांडत बसले. परदेशी मासिकाला तसेच लागतात म्हणून.
तिथेच बसून फोनवर बेचाळीस तारखा तिथींशी ताडून पाहिल्या. अडतीस अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास.
"सूप निवतंय गं," आई म्हणाली. मी तिचा मुका घेतला. "पोरीला वेड लागलं," असं शेजारणीला ओरडून सांगितलं तिने.

१० एप्रिल
सरांनी ऐकून घेतलं. "मागचं कुणीही जुळवेल. पुढचं सांगा." मीही उतावळी — "अमावास्येला या! वीस तारखेला!"

२० एप्रिल, गुरुवार
काही नाही. सपाट. सर दोनदा घड्याळ बघून गेले. मी सपशेल तोंडघशी पडले.

२१ एप्रिल
आईला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "अमावास्येलाच कुठलं गं? पाणी त्यानंतर दोन दिवसांनी सगळ्यात लांब जातं. शाळेत काय शिकलीस तू?" मग अंगणात जाऊन वाऱ्याला तोंड देऊन उभी राहिली. "उद्या दुपारपर्यंत वारा डोंगराकडून. तुझ्या यंत्राला काही कळायचं नाही. चारनंतर फिरेल. साडेपाचला बघ."
सरांना लगेच फोन केला. येतो म्हणाले.

२२ एप्रिल, शनिवार
चार — सपाट. सरांनी टोपी काढून परत घातली. साडेचारला खिडकीवरची चिंधी उलटी फडफडायला लागली. मला सटासट शिंका. पाच वाजता आकडा हलला. पाच पस्तीसला अकरापट!
ग्योंग-आने सरांनाच मिठी मारली. सर अवघडून उभे. मग म्हणाले, "ठिपके राहू द्या. आणि साडेपाच कुणी सांगितलं?"
"आईने."
"त्यांच्याकडे काही लिहिलेलं आहे का?"
मी म्हटलं, नाही हो, ती कुठलं लिहितेय.

३० एप्रिल, रविवार
सरांचा प्रश्न आईला सांगितला, तर तिने माळ्यावरून खोका काढून दिला. बत्तीस वर्षांची कॅलेंडरं, सगळ्यांवर पेन्सिलीचे गोल. गोळ्यांचे नव्हेत. "तू दोन वर्षांची होतीस. काही दिवशी समुद्राचा वास जड व्हायचा आणि तू शिंकून शिंकून लाल. त्या दिवशी तुला मामीकडे ठेवायचे, म्हणून खूण. तू शिकायला सोलला गेलीस, मग नुसत्या वासावर काढत राहिले."
तीन वर्षांची नोंद वाचवायला निघाले होते. बत्तीस वर्षांची हाती आली, आणि तिच्यातलं पहिलं यंत्र मीच.