पुढे कोण होतं

आई, तुम्ही घाबरलात की गप्प व्हायचात, हे मला फार उशिरा कळलं. लग्न होऊन मी मिठबावच्या घरात आले तेव्हा मला वाटायचं, सासू रागीट आहे. सकाळी मासे निवडताना तुमच्या तोंडातून शब्द फुटत नसे, विळीवर हात तेवढा चालायचा. माझं माहेर कसालजवळचं, भाताच्या खाचरांतलं. समुद्राकडे बघत बसणारी माणसं मला ठाऊक नव्हती. सासरे गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके, होते आणि एका फेरीला नारळ भरून मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत, एवढं मला लग्नाआधी सांगितलं होतं. पण त्यानंतर तुम्ही कितीतरी दिवस घरापुढच्या खळ्यात उभ्या राहून वाट बघितलीत, जेवायचं ताट उंबऱ्यावर घेऊन बसायचात, हे शेजारणीने सांगितलं तेव्हा मला घरात येऊन सहा महिने झाले होते. म्हणजे ज्या दिवशी तुमचा मुलगा फटफटी घेऊन दारात आला त्या दिवशी.

ते मलेरियाच्या फवारणीवर देखरेख करायचे. गावोगाव चालत फिरून पायांची सालं निघायची, म्हणून त्यांनी सावंतवाडीकडच्या एका निवृत्त सैनिकाची जुनी गाडी घेतली होती. हिरवट रंगाची, टाकीला पोचा आलेला, आणि आवाज असा की गोठ्यातली पाडी दावं तोडून पळाली. तुम्ही खळ्यात आलात, गाडीकडे बघितलंत, आणि एवढंच म्हणालात, "माका ह्यां भूत दारात नको." मग दोन दिवस बोलला नाहीत. मी पण गाडीच्या जवळ जात नव्हते. ती तापलेली धुराची नळी दिसली की पदर आवरून लांबून वळसा घालायची.

पहिल्यांदा बसले ती नाइलाजाने. माहेराहून एस.टी.ने नांदगावला उतरले, आणि किनाऱ्याकडे जाणारी गाडी निघून गेलेली. ते फटफटी घेऊन घ्यायला आले होते. रस्त्यावर माणसं उभी, म्हणून नवऱ्याच्या खांद्याला हात लावायची सोय नव्हती. मी एका बाजूला पाय सोडून बसले आणि सीटखालची स्प्रिंग धरली. "घट धर गो," ते म्हणाले. गाडी हलली आणि मी डोळे मिटून घेतले. गाव संपलं, झाडं संपली, सडा लागला, म्हणजे उघडं कातळाचं माळरान. दूरवर काळा जांभा दगड आणि सुकलेलं गवत, माणूस नाही. तेवढ्यात चाक खड्ड्यातून उसळलं आणि मी स्प्रिंग सोडून दोन्ही हातांनी त्यांना मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी, उघड्या आभाळाखाली. ते म्हणाले, "भियातंस कित्याक? डोळे उघड." मी म्हटलं, "डोळे उघडेच आसत." ते म्हणाले, "कपाळ माझ्या पाठीक चिकाटलां हा. उघडे कशे?" मी डोळे उघडले. समोर उतार होता आणि उताराच्या खाली समुद्र उभा राहिल्यासारखा दिसत होता. भीती गेली नाही. पण त्या भीतीच्या आतच दुसरं काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे मला घरी पोचेपर्यंत कळत नव्हतं. तुम्ही विचारलंत, "घाबारलंस?" मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं.

मग आम्ही वाळूतल्या तिसऱ्या, शिंपल्या काढायला जातो असं सांगून सकाळचे बाहेर पडू लागलो. ओहोटीला आपल्या किनाऱ्याची वाळू कशी घट्ट होते ते तुम्हाला सांगायला नको. तिथे त्यांनी मला हँडल धरायला शिकवलं. पेट्रोलचा खटका उघडायचा, कार्बोरेटरवरचं बटण दाबायचं, बोटाला पेट्रोलची ओल लागली की थांबायचं, मग किक अर्धी दाबून अडेल तिथे सोडायची आणि परत पूर्ण मारायची. पहिल्या दिवशी मी पन्नास पावलं गेले असेन आणि लाटेत जाऊन पडले. ते मागून धावत येत होते, आणि मला वाटलं ओरडतील. ते हसत होते. ते हसायचे तेव्हा आवाज होत नसे, आठवतं तुम्हाला? नुसते खांदे हलायचे आणि चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. घरी फवारणीच्या वह्या लिहिताना तो चेहरा कधी दिसायचा नाही. मला तो चेहरा बघायची सवय लागली. आळीपाळीने आम्ही गाडी चालवायचो, एकदा ते पुढे, एकदा मी, आणि मागे बसणाऱ्याने मोठ्याने बोलायचं, कारण पुढच्याला ऐकू जात नसे. घरात तुमच्यासमोर आम्ही दिवसातून चार वाक्यं बोलत असू. तिथे मात्र लाजलज्जा सोडून ओरडत होतो. परत आलो की तुम्ही टोपलीत डोकावायचात. "दोगां जातत आनि मूठभर तिसऱ्यो घेवन येतत. दर्यो आटलो काय?" मी मान खाली घालून कोयती शोधायला जायची.

आम्ही गाडीवरून पडलो त्या दिवसाचं तुम्हाला जे सांगितलं ते असं होतं, की माहेराहून येताना सड्यावर खडीवरून चाक सरकलं आणि त्यांचा तोल गेला. खरं काय झालं ते आज लिहिते. ऊन उतरलं होतं. नांदगाव मागे पडलं, आणि सड्यावर त्यांनी गाडी थांबवून म्हटलं, "ये फुडे." मी नको म्हटलं. वाळूवर पडलं तर लागत नाही, इथे खाली दगड होता. तरी मी बसले, कारण मला बसायचं होतं. थोडं गेल्यावर ते कानाशी म्हणाले, "वाढव." मी वाढवली. "आजून वाढव." मी आणखी वाढवली. पदर खोचलेला होता तरी वाऱ्याने अंगभर फडफड होत होती. माझ्या पाठीला त्यांची छाती लागलेली, आणि ती हलत होती. ते हसत होते हे मला पाठीतून कळलं. आणि मला तो चेहरा बघावासा वाटला. मी मान वळवली. बघितलासुद्धा. पापणी लवेल एवढाच वेळ गेला असेल. मग पुढचं चाक कडेच्या खडीत गेलं.

माझं कोपर सोललं. त्यांचा पाय गाडीखाली, आणि गाडीखाली दगड. ती गाडी मी एकटीने कशी उचलली ते मला आजही सांगता येणार नाही. पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळलेला होता. आजूबाजूला माणूस नाही, आणि गाडी बंद पडल्यावर इतकी शांतता झाली की तापलेल्या लोखंडाचा टिकटिक आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, ते आता मरतात, आणि मी तुमच्यासमोर एकटी जाऊन उभी राहते. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली, आई. त्यांच्या मरणाइतकीच तुमची. जांभा दगड वाहणारी बैलगाडी लांबून येताना दिसली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. चेहरा राखेसारखा झाला होता. म्हणाले, "फुडे मी होतंय. कळलां? आईक दुसरां काय सांगू नको."

हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला. त्यांना घरी आणल्यावर तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत. आधी मला मागच्या पडवीत नेलंत, कोपराला खोबरेल लावलंत आणि फुंकर घालत म्हणालात, "तुका काय झालां असतां तर तुझ्या आवशी-बापाशीक मी काय तोंड दाखवलंय असतां? झील माझो, मीच वाढयलेलो, चूक माझी. माका माफ कर गो." तुम्ही माझी माफी मागितलीत. मी तिथेच बोलायला हवं होतं. मी रडले, आणि तुम्हाला वाटलं कोपर दुखतंय. मग तुम्ही आत जाऊन त्यांचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवलात आणि शपथ घ्यायला लावलीत, की ह्या हँडलाला परत हात लावणार नाही. त्यांनी घेतली. गाडी घरामागच्या मांगरात, गवत ठेवायच्या छपरात, झावळांखाली गेली.

त्यानंतरचे दिवस तुम्हीही बघितलेत. ते काठी घेऊन पडवीत बसायचे. वरच्या साहेबाने सांगितलं होतं, गावोगाव फिरता येत नसेल तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. त्यांचं बोलणं कमी होत होत संपलं. मी चहा ठेवला तर चहाकडे बघायचे. मला रोज वाटायचं, आज सांगावं. रोज तुम्ही मला आधी वाढायचात, माशाची तुकडी माझ्या ताटात टाकायचात, आणि माझा धीर जायचा.

मग तुम्ही नांदगावचा एक माणूस बोलावलात, गाडी विकायला. त्याने झावळं बाजूला केली, टायर दाबून बघितले आणि म्हणाला, "आवाज आयकल्याशिवाय कशी घेवची? चालू करून दाखवा." ते काठी टेकून उठले, आखूड पायावर उभं राहून किक मारायचा प्रयत्न केला, शपथ मोडू नये म्हणून हँडलाला हात न लावता, आणि पडता पडता वाचले. त्या माणसाने मारली, एकदा, चारदा, दहादा. गाडी उठेना. तो म्हणाला, मेली आहे. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी पुढे झाले. पदर खोचला. खटका उघडला, बटण दाबलं, बोटाला ओल लागेपर्यंत थांबले, किक अर्धी दाबून अडली तिथे सोडली आणि मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. हाताने आपोआप आवाज कमीजास्त केला. आणि मान वर केली तेव्हा तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हतात, माझ्या हाताकडे बघत होतात.

त्या माणसाला तुम्ही परवा ये म्हणून परत पाठवलंत. संध्याकाळी मी चुलीपुढे भाकरी थापत होते, तुम्ही शेजारी बसून खोबरं किसत होतात. किसणं थांबलं.

"त्या दिसा गाडीर फुडे कोण होतां?"

भाकरी तव्यावर होती. ती मी उलटली नाही. म्हटलं, "ते होते."

"खरां?"

"होय."

तुम्ही परत किसायला लागलात. तो आवाज मी अजून ऐकते.

सकाळी तुम्ही माझ्यासमोर तुमचं नऊवारी ठेवलंत, तपकिरी, धुऊन मऊ झालेलं. "ह्यां नेस. पाचवारी चाकात अडाकतली." मला कळेना. तुम्ही त्यांच्याकडे न बघता म्हणालात, "हँडलाक हात लावचो नाय, अशी शपथ घातलंय. मागे बसाचो नाय, असां खंय म्हटलंय? तू चलव. तेका मागे बसव." आणि त्या नांदगावच्या माणसाला निरोप गेला, गाडी विकायची नाही. किती महिन्यांनी त्यांचे खांदे हलले, तेही तुमच्यासमोर. मी कासोटा घालून गाडीवर बसले. त्या सड्यावरून परत जायचं होतं. तुम्ही खळ्यात उभ्या होतात. "सवकास जा," म्हणालात, आणि मग गप्प. तेव्हा मला तुमचं गप्प राहणं पहिल्यांदा कळलं.

पहिल्या आठवड्यात पोरंटोरं मागे धावायची. बायका विहिरीवर घागरी टेकून म्हणायच्या, "बघ गो, घोवाक मागे बसवल्यान." तुमच्या मुलाची मान खाली जाईल असं मला वाटलं होतं, पण ते मागून रामराम करायचे. फवारणीच्या माणसांना बायका स्वयंपाकघरात घेत नसत, दारं लावून घ्यायच्या. मी गेले की उघडायच्या, मला आत बसवायच्या, आणि आधी गाडीचं विचारायच्या. असं मागे बसून फिरत त्यांची नोकरी राहिली. सड्यावर त्या वळणाशी आलं की ते कानाशी म्हणायचे, "फुडे बघ." आणि मी पुढे बघायची. वळण सरेपर्यंत एकदाही मान वळवली नाही. ते वळण मागे पडलं की ते म्हणायचे, "वाढव."

गोवा स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. गाडीवर एकदाही बसला नाहीत. आम्ही परत आलो की ओल्या फडक्याने सीट पुसायचात, दोन्ही जागा, पुढची आणि मागची. काही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. त्यांनी मरेपर्यंत तो शब्द पाळला. पडलो कसे म्हणून नातवंडांनी विचारलं तरी "माझो तोल गेलो" म्हणायचे. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या सड्यावर काय झालं हे ठाऊक असणारी मी एकटीच राहिले, म्हणून हे लिहायला बसले. हे कागद मी कुठे पाठवणार? उद्या चुलीत जातील.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की त्या संध्याकाळी मी त्यांच्या शब्दासाठी खोटं बोलले, तुम्हाला दुःख होऊ नये म्हणून बोलले. तसं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपत होती आणि माझ्या मनात एकच होतं, की खरं कळलं तर आई गाडी विकून टाकतील, आणि मला परत कधी चालवायला मिळणार नाही. त्यांच्या पायाचा विचार त्या क्षणी मला आला नव्हता.