घरासाठी वेगळा आकडा

८ डिसेंबर, सोमवार

आज खोटं बोलले. तेही कामाच्या बाबतीत!

पहाटे साडेपाचला कंपनीला समुद्राच्या हवामानाचं रोजचं पत्रक पाठवलं – आग्नेयेचा वारा पहाटेपासून, लाटा दुपारपर्यंत सव्वा मीटर, कामगारांची ने-आण करणाऱ्या क्रूबोटींनी जपून. मग चहा ठेवला. आलोक उठून आला आणि दारातूनच म्हणाला, "किती?" हिवाळ्यात आमच्या घरात दिवस याच शब्दानं सुरू होतो. बार्जवाल्यांना सांगते तोच आकडा मी त्यालाही सांगते आणि तो सर्फबोर्ड उचलतो.

तोंडातून निघून गेलं – "काही नाही. गुडघ्याएवढ्या."

"बरं," म्हणाला, आणि मोबाइल उघडून बसला.

त्याला स्टेंट घातला त्याला महिनाच होतोय. डॉक्टर म्हणाले होते, चालणं सुरू करा, थंड पाण्यात इतक्यात नको. पण 'इतक्यात' म्हणजे काय हे आलोकला कुणी सांगायचं? पन्नाशीला टेकल्यावर हा माणूस इथे आखातात, फिंतासच्या किनाऱ्यावर, लाटेवर उभं राहायला शिकला. त्याच्या प्लँटमधले सहकारी हसायचे. जानेवारीत पाण्यात हात घातला तर बोटं दुखतात, तरी जायचा.

एक दिवसाचं खोटं. उद्या खरं सांगेन.

११ डिसेंबर, गुरुवार

वायव्येचा वारा. समुद्र खरोखरच सपाट. खरं सांगता आलं – किती हलकं वाटलं!

१९ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा आग्नेयेचा वारा. इथले लोक त्याला कौस म्हणतात. आखाताच्या पार खालच्या टोकापासून पाणी ढकलत आणतो आणि इथे, शेवटाला, आमच्या दारात आणून टाकतो. एरवी तलावासारखा पडून राहणारा समुद्र तेवढ्यापुरता समुद्र होतो. पोरंटोरं या दोन-तीन दिवसांचीच वाट बघत असतात.

आलोकला सांगितलं, कमरेपर्यंतसुद्धा नाहीत.

दुपारी ओवैसला फोन केला. फहाहीलला त्याचं टायरचं दुकान आहे, जन्म इथलाच. आलोकला बोर्डावर उभं करणारा हाच. म्हटलं, त्यांना व्हिडिओ पाठवू नकोस, लाटांबद्दल बोलूही नकोस. तो म्हणाला, "भाभी, अख़बार छोड़ दिया, अब मौसम भी एडिट करने लगीं?" मला हसू आलं नाही. त्यालाही आलं नसावं, कारण लगेच म्हणाला की मला सांगायची गरजच नव्हती. हॉस्पिटलमधून घरी आल्याच्या दिवशीच आलोकभाई सर्फिंगच्या ग्रुपमधून स्वतःहून बाहेर पडले.

आलोक रुसला असेल. बाकीचे पाण्यात असताना आपण काठावर – ते त्याला सहन होत नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

लेकीचा, क्षितिजाचा, मँचेस्टरहून फोन. बाबा आंघोळीला गेल्यावर तिला सगळं सांगितलं. मराठीत विचारावं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, हे आमचं जुनंच. "ममा, ही विल फाइंड आउट. इट्स अ टेन मिनिट वॉक!"

खरंच आहे. समोर टॉवर झाल्यापासून बाल्कनीतून समुद्र दिसत नाही, पण चालत गेला तर दहा मिनिटांत दिसेल. जात नाही. चालायला एगैलाच्या मॉलमध्ये जातो, एसीत, दुकानांच्या काचा बघत. माझ्या शब्दावर इतका विश्वास! तेच टोचतं.

घरातली कामं हल्ली त्यानं अंगावर घेतली आहेत. कपडे घड्या करणं, झाडांना पाणी. रोज सकाळी बाल्कनीचा कठडा पुसणं.

१३ जानेवारी, मंगळवार

स्ट्रेस टेस्ट उत्तम! डॉक्टर हसून म्हणाले, आता पोहायला हरकत नाही, हळूहळू सुरू करा, थंडीचा सूट घालून. मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होता.

परत येताना किनाऱ्याचा रस्ता लागला तेव्हा त्यानं मान दुसरीकडे वळवली, दुकानांच्या पाट्यांकडे. मी हवेबद्दल चकार शब्द काढला नाही. आज आनंदानं रडायला हवं होतं. आणि मी गाडीत बसून हिशोब मांडत होते, की आता खोटं कुणाच्या नावावर बोलायचं. डॉक्टरांचं नाव होतं तोवर ते पथ्य होतं. आता ते फक्त माझं आहे.

१४ जानेवारी, बुधवार

तिळाच्या वड्यांचा पाक चुकला. दगड झाल्या. आलोकनं दोन खाल्ल्या आणि म्हणाला, छान झाल्यात.

१८ जानेवारी, रविवार

तीन दिवस कौस चालू आहे. टॉवेल वाळत नाहीत, बिछाना दमट, आकाश पातळ ताकासारखं. बाहेर सव्वा, घरात गुडघा. बाहेर दीड, घरात गुडघा. तो "बरं" म्हणतो.

बोर्ड बाल्कनीच्या कोपऱ्यात उभा आहे, जुनी चादर गुंडाळून. त्याच्याकडे बघवत नाही. आलोकलाही बघवत नसणार. वजन उतरलंय. रजा संपवून प्लँटवर जायला लागलाय, पण तिथूनही लवकर येतो आणि खुर्चीत बसून राहतो. दुखणं बरं झालं, आणि माणूस मीच बसवून ठेवलाय. भीती माझी, आणि शिक्षा त्याला.

पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते तेव्हा चुकीचं काही छापून गेलं तर दुसऱ्या दिवशी चौकटीत दुरुस्ती द्यायचो. आत कुठेतरी, बारीक टाइपात, पण द्यायचो. ही दुरुस्ती मी कुठे देऊ?

शुक्रवारी पुन्हा वारा चढणार असं दिसतंय. तेव्हा सांगेन.

२३ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं.

"किती?" म्हणाला. म्हटलं, "दीड मीटर. आणि आलोक, मागेही मोठ्या होत्या. डिसेंबरपासून. मी खोटे आकडे सांगत होते."

चिडेल असं वाटलं होतं. चिडायला हवा होता. नुसता माझ्याकडे बघत राहिला. हातातून काही काढून घेतल्यावर माणूस बघतो, तसा. मग "अच्छा" म्हणाला, कप सिंकमध्ये ठेवला, बोर्डाची चादर काढली. चादरीची घडी घातली. बोर्ड खाली नेला. मी स्वयंपाकघरात उभी. लिफ्टचं दार लागलेलं ऐकलं.

जा म्हणाले नाही, नको जाऊस म्हणाले नाही.

अर्धा तास कसाबसा काढला आणि निघाले. चपला घालूनच, धावत-चालत. टॉवरला वळसा घातला आणि आवाज आला. समुद्राचा रंग मातकट, लाटा एकीवर एक फुटत होत्या, दोन लाटांमध्ये दम घ्यायला जागा नाही. पाण्यात तीन डोकी. एक ओवैस, पिवळ्या बोर्डवरून ओळखला. बाकी दोघांत आलोक कोणता ते कळेना. मला धाप लागली होती, डोळ्यांत वाळू जात होती.

मग आमची गाडी दिसली. बोर्ड टपावरच होता, पट्टेसुद्धा सोडलेले नव्हते. आत आलोक बसला होता. सूट कमरेपर्यंत चढवलेला, वर बनियन, खांद्यावर टॉवेल. काचा बंद, हीटर चालू.

दार उघडून शेजारी बसले. तिकडे ओवैस एका लाटेवर उभा राहिला आणि पडला.

"पाणी गार आहे," आलोक म्हणाला.

त्याचे केस कोरडे होते. पाय कोरडे होते. मी "हो" म्हटलं.

घरी येताना गाडी मी चालवली.

२४ जानेवारी, शनिवार

वारा तसाच. पत्रक वेळेवर पाठवलं – पावणेदोन मीटर, क्रूबोटी बंद ठेवाव्यात.

चहा घेऊन गेले तर आलोक बाल्कनीत पाठमोरा, कठडा पुसत होता. कौस असला की कठडा पहाटे पाऊस पडल्यासारखा भिजतो. हे त्याला मीच सांगितलं होतं, आम्ही इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात. महिनाभर रोज सकाळी तोच पुसतोय. फडकं नुसतं निथळत होतं.

"किती?"

"आज पावणेदोन –"

"कालच्यासारखं नको, मेधा," तो वळलाही नाही. "आधी सांगायचीस तसं सांग."

त्यानं फडकं कुंडीत पिळलं. पाणी बराच वेळ पडत राहिलं.

"गुडघ्याएवढ्या," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.