पेन्सिलीची सही

१६ जून २०२५, सोमवार

आजपासून मी शिक्षिका. हे एवढंसं वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली, म्हणून हौसेनं पुन्हा लिहिते: मी, रेवती देऊळगावकर, वय तेहतीस, आजपासून शिक्षिका. डी.एड. झालं, टीईटी झाली, आणि भरती होईल होईल म्हणत कळमनुरीच्या सेतू केंद्रात आठ वर्षं दाखल्यांवर दुसऱ्यांची नावं टाइप केली. अण्णा तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मान्यता नसलेली कुठलीच गोष्ट आवडत नाही. चालू काम सोडून विनामान्यता पदावर जाऊ नकोस, असं ते आठवडाभर सांगत होते. मी म्हटलं, म्हातारी व्हायचंच आहे तर फळ्यापुढे होऊ द्या.

शाळा औंढ्यापासून अकरा किलोमीटरवर, माळावर. जीपमधून उतरलं की पाच मिनिटं चालायचं. आठ खोल्या, दारात दोन लिंब, आणि मुलं इतकी गोड की दुपारपर्यंत माझा घसा बसला. मला सातवी-आठवीचं मराठी आणि इतिहास दिलाय.

शिक्षकखोलीत मोठे सर, चार शिक्षक, लिपिक बंडोपंत आणि मी, असे सात जण. शिपाई ग्यानोबानं चहाचे दहा कप आणले. सात आमच्यापुढे ठेवले आणि तीन खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं. आणखी कोणी यायचंय का विचारलं, तर म्हणाला, "न्हाई, बराबर हाय." मी हसले. हिशेबाला कच्चा दिसतोय बिचारा.

मस्टरवर सही करायला पर्स उघडली तर पेन फुटून शाईचा रबरबाट. बंडोपंतांनी हसून पेन्सिल पुढे केली. मान्यता येईपर्यंत माझी सही पेन्सिलीनंच, शेवटच्या पानावर. तपासणीला साहेब आले की विनामान्यता शिक्षक दिसायला नको, म्हणून खोडता आली पाहिजे. ही इथली रीत आहे. वर त्यांनी मला नव्या पेन्सिलींचा अख्खा बॉक्स भेट दिला. ही रोजनिशी त्यातल्याच एकीनं लिहितेय. टोक छान आहे.

२८ जून, शनिवार

औंढ्यात देवळामागच्या गल्लीत गंगूताईंकडे खोली घेतली. त्यांच्या घरात पूर्वापार देवळातली सेवा आहे, त्यामुळे पहाटे चारला त्यांची आंघोळ आणि सव्वाचारला माझी झोपमोड. पण माऊली प्रेमळ. रोज डब्यात एक भाकरी जास्तीची बांधते आणि सांगते, "बाई, तुमी लईच वाळून राहिल्या."

आठवीत शिवकन्या नावाची पोरगी आहे. जोडाक्षरं अडतात, पण प्रश्न असे विचारते की मला घरी येऊन पुस्तक उघडावं लागतं. काल म्हणाली, "मॅडम, तुमी जाऊ नका हं." कुठं जाणार, विचारलं, तर तिला सांगता येईना. आधीचे सर किंवा बाई कोण होत्या, तेही आठवेना. गेल्या वर्षी मराठी कोणी शिकवलं, हे अख्ख्या वर्गात एकाही लेकराला आठवत नाही! पाठ मात्र झालेले आहेत. वह्यांत तपासल्याच्या खुणा आहेत, पेन्सिलीच्या.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज तपासणी. मला खिचडीच्या खोलीत बसवलं. डाळीच्या पोत्यावर बसून मी तासभर ठसके देत होते आणि माझं मलाच हसू येत होतं. अकरा वर्षं शिक्षिका व्हायला घालवली, आणि झाले तर लपून बसायची वेळ.

साहेब गेल्यावर पाहिलं, बंडोपंतांनी माझ्या सगळ्या सह्या खोडल्या होत्या. किती निगुतीनं! खोडरबराचा चुरा त्यांनी पोस्टकार्डानं गोळा केला आणि स्टीलच्या डबीत भरला. टाकून का देत नाही, विचारलं. "टाकवत न्हाई मॅडम," ते म्हणाले, "माणसाचं नाव असतं." हळवा माणूस आहे.

संध्याकाळी घरी गेले तर गंगूताई दारात उभ्या. कोण पाहिजे, म्हणाल्या. मग एकदम कपाळावर हात मारून हसल्या. वय झालं.

८ सप्टेंबर, सोमवार

मुकुलचा फोन. माझा धाकटा भाऊ, संभाजीनगरला एका कंपनीत आहे. त्यांच्या कार्यालयात जागा निघालीय, त्यानं माझं नाव दिलं आणि त्यांनी होही म्हटलं. दहा नोव्हेंबरला रुजू व्हायचं. बसून काम, रविवार सुट्टी, कायम. म्हणाला, ताई, पुरे झालं आता ते फळ्याचं वेड.

दिवसभर डोक्यात तेच. जावं तर आयुष्यभर वाटत राहणार की थोडं थांबले असते तर. राहावं तर कशाच्या भरवशावर? मोठ्या सरांना विचारलं. फाईल हिंगोलीला गेलीय, या महिन्यात मान्यता नक्की, ते म्हणाले. जूनमध्येही याच महिन्यात होती. तरी मला बरं वाटलं, याची लाज वाटते.

दिवाळीपर्यंत थांबते. तेवढंच.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा तपासणी, पुन्हा पोतं, पुन्हा खोडरबर.

त्यानंतर वर्गात गेले तर कोणी उभं राहिलं नाही. गोंगाट तसाच. मी टेबलावर छडी आपटली तेव्हा सगळी दचकली, आणि मग, हळूहळू, एकेक उठलं. शिवकन्या सगळ्यात आधी. तिच्या डोळ्यांत पाणी का होतं?

मधल्या सुट्टीत मस्टरचं शेवटचं पान खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. माझ्या सहीच्या जागी कागदात चर आहेत. माझे, आणि माझ्याखाली आणखी कुणाकुणाचे. निलम. जळबा. तिसरं नाव लागत नाही. मी मोठ्यानं विचारलं, हे कोण? चारही शिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, आठवायचा खरंच प्रयत्न केला, आणि मान हलवली. खोटं बोलत नव्हते. तेच वाईट.

कट्ट्यावर तीन कप होते. सुट्टी संपल्यावर मी जाऊन पाहिले. रिकामे. तळाशी ओली चहापत्ती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

घरी आलेय. सकाळी आईनं पाट मांडला, मुकुलला बसवलं आणि शेजारच्या मुलीला हाक मारली. ओवाळायला. म्हणाली, बहीण नाही याला, तूच ओवाळ गं.

मी स्वयंपाकघराच्या दारात तबक घेऊन उभी होते.

मी आई म्हणून ओरडले तेव्हा ती भानावर आली. रडली, पाया पडू लागली माझ्या, काय झालं मला म्हणाली. अण्णा दवाखान्याचं बोलत होते. मुकुल मात्र माझ्याकडे टक लावून बघत होता, जसं ओळख पटायला वेळ लागतोय.

आई बरी आहे. आईला काहीही झालेलं नाही. मला माहीत आहे काय झालंय.

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळा उघडली. मी ठरवलंय, जायचं. दहा तारखेला संभाजीनगर. मोठ्या सरांना सांगायला गेले तर ते फोनवर होते, आणि ठेवल्यावर स्वतःच म्हणाले, मान्यतेच्या यादीत नाव लागलंय, फक्त सही बाकी, आठ दिवस.

आठ दिवस.

मी म्हटलं, ठीक आहे सर. माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे! इतकी वर्षं थांबले, आठ दिवसांनी काय होतंय. मुकुलला कळवते, पंधरा तारखेला येते म्हणून.

६ नोव्हेंबर

अचानक तपासणी. मी बंडोपंतांचा हात धरला. खोडू नका म्हटलं, सुट्टी टाका, आजारी लिहा, काहीही करा. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. "तकलीफ होत न्हाई मॅडम. मी हळूच खोडतो." सगळ्यांचं असंच खोडलं, कुणीच कुरकुर केली नाही, म्हणाले.

मग डबी बंद केल्याचा आवाज.

७ नोव्हेंबर

पेनानं सही केली. निळ्या शाईची, ठसठशीत, पूर्ण नाव. दुपारी पाहिलं तर ते पानच फाडून नवं लावलेलं. त्यावर मी नाहीच.

मुकुलला फोन. कोण बोलतंय, म्हणाला. मी हसून सांगितलं, ताई. कोण ताई? मी घरातलं सगळं सांगत सुटले. आईच्या हाताची खूण, त्याच्या लहानपणीचं पडणं. तो घाबरला. तुम्हाला हे कुणी सांगितलं, म्हणाला, आणि ठेवला.

कंपनीत फोन केला. या नावाचा अर्ज आलेलाच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

गंगूताईंनी माझी खोली धुऊन घेतलीय. भाड्यानं द्यायची आहे म्हणून दारावर पाटी. माझं सामान ओट्यावर, कुणाचं विसरलंय म्हणून.

कळमनुरीला घरी गेले. कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही. आईनं दार उघडलं. पाणी दिलं. कुठून आलात बाई, म्हणाली, कुणाकडं जायचंय? अण्णांनी पेपरामागून बघितलंही नाही. भिंतीवर माझ्या पदवीचा फोटो होता तिथे पांढरा चौकोन.

मी पाणी प्यायले. पेला खाली ठेवला. कुणाकडं नाही, म्हटलं.

परत आले. दुसरीकडे कुठे जाऊ? शाळेत निदान माझा कप आहे.

१० नोव्हेंबर

ग्यानोबानं दहा कप आणले. सहा टेबलावर. चार कट्ट्यावर.

चौथा माझा.

त्याला दिसते मी. म्हणाला, "बसा बाई. इतं ऊन चांगलं येतं." बंडोपंतांनाही दिसते. बाकी कुणाला नाही.

कट्ट्यावर मी एकटी नाही. उजवीकडची बाई एकच पाठ पुन्हा पुन्हा पुटपुटते. मला नाव विचारते. मी सांगितलं. तिनं तिचं सांगितलं नाही. नाही म्हणजे — तिला येत नाही.

१८ नोव्हेंबर

वर्गात गेले. शिकवलं. कोणी ऐकलं नाही. शिवकन्येनं एकदा मान वर केली, माझ्या दिशेला. वारा आला असेल.

तरी मी पाठ पूर्ण केला.

१ डिसेंबर

टपाल आलं. मोठ्या सरांनी उभं राहून वाचलं. शिक्षिका या पदास कायम मान्यता देण्यात येत आहे. पुढे एक नाव वाचलं. छान नाव होतं. मला हुंदका आला, का ते कळेना. मग या वहीचं पहिलं पान उघडलं आणि नाव ताडून पाहिलं —

माझं. माझी मान्यता आलीय! मी इथे आहे, मी ओरडले, सर, मी इथेच आहे, कट्ट्यावर —

सरांनी बंडोपंतांना विचारलं. बंडोपंतांनी मस्टर उलटून दाखवलं. अशी कुणी बाई आपल्याकडे कधी नव्हती. कागद परत पाठवला. नजरचुकीनं आलेला, असा शेरा मारून.

८ डिसेंबर

नवी बाई आली. जान्हवी. हसरी. सगळ्यांना सांगत होती, भावजींनी नांदेडला दवाखान्यात नोकरी बघून ठेवलीय, पण मला शिकवायचंच आहे. उन्हाळ्यापर्यंत बघते, म्हणाली.

पेन्सिल हातात दिली तेव्हा ती हसली. मी हसले होते तशीच.

तिची सही माझ्या चरांवर.

९ डिसेंबर

माझी वही शिक्षकखोलीतल्या ड्रॉवरमध्ये असते. आज उघडली. जूनची पानं कोरी. दोन्ही —

पेन्सिलीनंच लिहिलंय मी सगळं. पहिल्या दिवसापासून. काय केलं मी —

११ डिसेंबर

ऑगस्ट गेला. भाऊबीज अर्धी. पहिल्या पानावर माझं नाव होतं. काय होतं? र वर काहीतरी

पाठ म्हणते. पाठ अजून येतो.

१२ डिसेंबर

बंडोपंत आलेत. शेजारी उभे. वही मागतायत. प्रेमानं मागतायत, हातात डबी उघडी. एक मिनिट म्हटलंय.

जान्हवी, हे पान कोरं दिसलं तर खिडकीशी ने आणि तिरकं धर. मी दाबून लिहितेय, चर राहतील. नांदेडला आज फोन कर. उद्या नको, आज. ते सांगतील की मान्यता येते. खरंच येते, माझी आली होती. पण ती येईपर्यंत तू —