सगळ्यांनी आमेन म्हटलं

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे. किती बरी आहे ते काल स्त्रियांच्या प्रार्थनासभेत तू सगळ्यांना सांगितलंसच, तेव्हा तब्येतीचा मजकूर इथेच संपवते. तुझा खोकला गेला का? डोळे मिटून एवढा वेळ बोललीस आणि एकदाही खोकली नाहीस, म्हणजे गेला असावा.

आज सकाळीच पाळकसाहेबांची बायको आली. बसायच्या आधी तिची नजर कपाटावर.

"मावशी, हे वृद्धाश्रमात नेणार का हो? नाही म्हणजे, तिथे एकीला एकच खण मिळतो म्हणे."

"कोण चाललंय वृद्धाश्रमात?" मी वेड पांघरून विचारलं.

"अगंबाई! काल तुमच्या बहिणीने प्रभूकडे मागितलं ना? आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं की."

झालं! तू मागितलंस, बायकांनी आमेन म्हटलं आणि माझ्या घराचा निकाल लागला. मी तिथेच तिसऱ्या बाकावर होते, चांगली जिवंत. पण मला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"हे प्रभू, माझ्या हट्टी बहिणीचं मन मऊ कर. तिचं वय झालंय. ती न्हाणीघरात पडली, उघड्या अंगाने तशीच पडून राहिली..." काय तुझा तो उमाळा! पुढच्या बाकावरची शिंपीण वळून माझे गुडघे बघत होती. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात, एवढं तरी तिला शिकव.

ते मी तुला सांगितलं होतं गं. अंगावर कपडा नव्हता म्हणून शेजाऱ्यांना हाकसुद्धा मारली नाही, हे जगात फक्त एकीला सांगितलं. बोर्डिंगमध्ये तू अंथरूण ओलं करायचीस. उठायची घंटा व्हायच्या आत मी तुझी चादर बदलायचे, माझी कोरडी तुला घालायचे. सिस्टरांना शेवटपर्यंत कळलं नाही. प्रार्थना मीही करायचे तुझ्यासाठी. तोंड मिटून.

म्हातारपण ही देवाची देणगी, असं पाळकसाहेब सांगतात. त्यांची चाळिशी आत्ता कुठे आली आहे. असेल देणगी, पण मला मिळालेली देणगी उघडून बघायला सगळी मंडळी का धावते?

मरणाची मला भीती नाही. तिकडे कोण आहे त्याला मी लहानपणापासून ओळखते. भीती वाटते ती चार पलंगांच्या त्या खोलीची, जिच्या दाराला आतून कडी नाही. हो, तुझा तो आश्रम मी बघून आले आहे. पडल्यानंतर, कुणाला न सांगता, एकटीच गेले होते. त्या दिवसापासून तुझी वाट बघत होते. तू घरी येऊन, माझ्या पलंगावर बसून, "ताई, जातेस का?" असं विचारलं असतंस, तर मी रडत का होईना, हो म्हटलं असतं.

आता नाही.

दाराचं कुलूप बदललं आहे. तुझ्याकडची किल्ली लागणार नाही, उगाच खटपट करू नकोस. नवी किल्ली खालच्या मजल्यावरच्या नर्सकडे दिली आहे. ती देव मानत नाही. मी पुन्हा पडले तर ती मला उचलेल, अंगावर चादर घालेल आणि कुणाला सांगणार नाही. वरच्यालासुद्धा.

रविवारी चर्चमध्ये दिसशीलच. माझ्या शेजारी बसू नकोस.

याच घरात राहणारी,
तुझी ताई