दुधात विष नव्हतं

प्रिय दामिनी,

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र तुझ्या वैजनाथदादाच्या हाती देते. तुझ्या जागी मीही थोरल्या जावेचा फोन उचलला नसता. उदगीरच्या या घरातून तुला टोमण्यांशिवाय काय मिळालं? पण शेवटपर्यंत वाच. निम्म्यात फाडलंस तर मुखेडला तुझ्या माहेरी येऊन कान पिळीन.

काल माझ्या बसवराजच्या खाजेसाठी लातूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. निघताना त्यांना मोबाइलमधला तुझ्या शिवांशचा शेवटचा फोटो दाखवला. तो मला पुसवतही नाही आणि बघवतही नाही. तोंडाभोवती आणि ढुंगणावर सोललेली लाल कातडी, गळलेलं जावळ. वर ती हगवण आणि रात्रंदिवस किरकिर. आपण काय काय म्हटलं त्याला! देवी आली, नजर लागली. लिंबाचा पाला बांधला, मलमं चोपडली.

बाईंनी एकच विचारलं, मध्ये कधी बरा झाला होता का? झाला होता की! तुला टायफॉइड झाला तेव्हा मी दोघांना पाजत होते, एका अंगाला बसवराज, दुसऱ्या अंगाला शिवांश. आठवड्यात त्याची कातडी निवळली, पोरगं हसायला लागलं. तुझा ताप उतरल्यावर आपल्या सासूबाईंनी, अव्वांनी, त्याला माझ्याकडून उचललं. म्हणाल्या, "बरं झालंय लेकरू, आता आपल्या मायजवळ जाऊ दे की." सगळ्यांना तेच बरोबर वाटलं. तुला तर आनंदानं रडू आलं होतं. पुढच्या महिन्यात आपण त्याला मातीत ठेवलं, आणि त्याच अव्वा भर अंगणात म्हणाल्या, "हिच्या दुधातच इख हाय." चोर सोडून संन्याशाला फाशी.

विष नव्हतं गं. जस्तच नव्हतं, झिंक म्हणतात ते. बाई म्हणाल्या, नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, पण लक्षणं सगळी तीच. काही बायकांच्या अंगात जस्त असतं, दुधात मात्र उतरत नाही. त्यात तुझ्या खाण्याचा, पथ्याचा काडीचा दोष नाही. लेकराला रोज जस्ताचं औषध द्यायचं आणि आईचं दूधही चालू ठेवायचं, एवढंच. त्या 'एवढंच'वर मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून रडले. कुठल्याही मेडिकलात मिळणाऱ्या बाटलीवाचून आपलं पोरगं गेलं. राग कुणावर काढू, सांग.

बाई आणखी एक बोलल्या, पुढच्या लेकरालाही हे होऊ शकतं. परवा लेकीच्या बारशाला तू तिला पाळण्यात ठेवलं नाहीस, पदराखालीच धरलंस. नाव सांगायला मी तिच्या कानाशी वाकले तेव्हा ओठाच्या कडेला ते लाल दिसलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि पदर आणखी पुढं ओढलास. पुन्हा कुणी विष म्हणू नये म्हणून लपवतेयस, कळतं मला. उद्या पहिल्या एसटीनं येते, तिला घेऊन लातूरला जाऊ. तोवर पाजणं सोडू नकोस. मी दार वाजवलं की लेकीच्या तोंडावरचा पदर काढ. एक तोंड मातीनं झाकलेलं पाहिलंय मी.

तुझीच,
अक्षराक्का