मागच्या सीटवर कोण?

१२ सप्टेंबर, रविवार

ती. आई,
नमस्कार.

तब्येत बरी असेल. डोळ्याचं इंजेक्शन या महिन्यात झालं का? मी ठीक आहे. ऑफिसात नवे साहेब आलेत, ते फायली खरंच वाचतात, त्यामुळे सगळ्यांची पंचाईत झाली आहे. एकटीच्या स्वयंपाकाचा अंदाज मला अजून येत नाही. एकच भाजी दोन-दोन दिवस खाते.

पत्राचं कारण गाडी.

आपली गाडी वळणावर कलते, हे तुमचं जुनं गाऱ्हाणं. इंजेक्शननंतर डोळ्यावर पट्टी असायची, वळण येताना दिसायचं नाही आणि पोटात ढवळायचं. "हळू गं, मागे सिमेंटची पोती नाहीत, मी आहे!" मग मी आधीच सांगायला लागले, आता डावीकडे, आता उजवीकडे.

गेल्या महिन्यात गाडी मेकॅनिककडे नेली. गाडीच्या पोटाखाली पुढे एक आणि मागे एक अशा दोन आडव्या सळया असतात, दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडलेल्या. त्या गाडीला एका अंगावर झुकू देत नाहीत. त्यांना स्वे बार म्हणतात. बार जितका जाड, तितकी गाडी कमी कलते. मी म्हटलं, मग घाला सगळ्यांत जाड. तो हसला.

"ताई, ही रोजची गाडी आहे, शर्यतीची नाही. बार फार जाड केला की एक चाक खड्ड्यात गेलं तरी अख्खी गाडी हलते, मान दुखते. नुसता पुढचा जाड केला तर गाडी वळायला कुरकुर करते. मागचा जास्त झाला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरतात. दोघांचं जमवावं लागतं. मागे कोण बसतं रोज?"

"सासूबाई."

"वजन?"

"विचारायची माझी हिंमत नाही."

"सासूबाईंसाठी एवढं? आमच्या घरी कळू देऊ नका. माझ्या आईचं नाव काढलं तरी बायकोचं डोकं दुखतं."

मी हसले. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या त्याला आता वर्ष होत आलं, हे त्याला कुठून माहीत असणार? 'सासूबाई' हे सवयीने तोंडून गेलं, असं मी आधी डायरीत लिहिलं. मग ते वाक्य खटकलं. सवयीने गेलं असतं तर वजन विचारल्यावर तरी मी सावरले असते. तेव्हा ते खोटंच.

त्याने मागे माणूस धरून दोन्ही बार निवडले, मागचा मूळच्यापेक्षा बराच जाड. गाडी खरंच सुधारली. परत येताना पहिल्याच वळणावर मी मोठ्याने म्हणाले, "आता डावीकडे." तसं तर मी रोजच म्हणते.

मंगळवारी पाऊस होता. कामावरून येताना चौकाच्या वळणावर मागची चाकं सुटली आणि गाडी रस्त्यात आडवी झाली. कशाला धडकली नाही, मला काही लागलंही नाही. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला.

मेकॅनिकने गाडी उचलून सगळं तपासलं. "मागे आजी होत्या ना? मग मागची बाजू एवढी हलकी कशी पडली?"

"आजी नव्हत्या."

"त्या दिवशी नव्हत्या?"

"या वर्षात एकदाही नाही."

तो फडक्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "एकट्याने चालवायची तर मागे मूळचाच बार बरा. आजी बसणार असतील तर मधला बघू. पण खरं काय ते सांगा, ताई. मी तुमच्या शब्दावर बार निवडतो."

येत्या शनिवारी सांगते म्हटलं.

या पत्राचा पहिला खर्डा मी फाडला. त्यात लिहिलं होतं की तुम्ही एकदा बसून बघा, मगच बार ठरवू. जणू तुम्हाला बारमधलं कळतं! मला तरी कुठे कळतं? तुम्हाला बोलवायला काहीतरी निमित्त हवं होतं.

तुमचा मुलगा फोनवर म्हणाला, "आईला आता टॅक्सीची सवय झालीय." मी "बरं" म्हणाले. हे तुम्ही म्हणालात की त्यानेच ठरवलं, ते विचारायला जीभ रेटली नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. पुढच्या इंजेक्शनला मी नेऊ का? कोणताही बार असला, गाडी कितीही कलली, तरी याल का?

नको असेल तर मी मूळचा बार बसवून घेईन. रागावणार नाही. हेही पूर्ण खरं नाही, थोडी रागावेन. पण निदान गाडी माझ्यापुरती नीट चालेल. एकच करा, उत्तर मुलाकरवी पाठवू नका. "नको" असलं तरी मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

खाली काय लिहावं यात बराच वेळ गेला. 'तुमची सून' असं आता लिहिता येत नाही, आणि तुमची दुसरी कोणी व्हायला मला अजून जमलेलं नाही.

तुमची,
मी