आपल्या खुर्चीत परत येणं

३ मार्च
नोकरी लागली! मनावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मदतनीस. स्वच्छ खोली, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा आणि समोरासमोर दोन खुर्च्या. करड्या खुर्चीत पेशंट बसतो. निळी रिकामी असते. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं, ते माणूस तिथं बसलंय असं समजून बोलायचं. मग स्वतःच निळीत बसून त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं. बाई म्हणाल्या, ते माणूस आपल्याच मनाच्या तळाशी असतं, त्याला फक्त जागा द्यावी लागते. मला हसू आवरेना. पण एक नियम त्यांनी दोनदा बजावला: शेवटी करड्या खुर्चीत परत यायचं आणि आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं. त्याशिवाय कुणाला दाराबाहेर सोडायचं नाही. म्हणजे मी नावं वदवून घेणारी मास्तरीण! आईला सगळं रंगवून सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत नुसतं हं म्हणाली. गेलं वर्षभर ती एवढंच म्हणतेय.

९ मार्च
एक निवृत्त ड्रायव्हर आज वडिलांशी कडाकडा भांडला. मग निळीत बसून वडिलांच्या आवाजात त्यानं स्वतःचीच माफी मागितली. करडीत परत येऊन नाव घेतलं. जाताना माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि परत द्यायला विसरला.
मला माझी धाकटी बहीण आठवली. गेल्या वर्षी ती गेली, त्या दुपारी तिनं मला तीनदा फोन केला होता. न विचारता माझा हिरवा स्वेटर नेला म्हणून मी फुगून बसले होते. तिन्ही वेळा कट केला. तिला काय सांगायचं होतं? आईला हे ठाऊक नाही. ठाऊक झालं तर ती माझं तोंडही बघणार नाही.

१४ मार्च
बाई जेवायला गेल्या होत्या. मी करडीत बसले आणि विचारलं, काय सांगायचं होतं गं तुला? मग निळीत जाऊन बसले. तोंडातून तिचाच आवाज आला. ताई, छातीत दुखतंय, तू ये ना.
मी धाय मोकलून रडले. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. डोळे पुसत तशीच उठून दार उघडायला पळाले. निळ्या खुर्चीतून.

१५ मार्च
लिहिताना तळहाताला शाई लागतेय. पेन डाव्या हातात आहे. धाकटी डावरी होती, मी नाही.
काल घरी गेले तर आईच्या हातातली बशी पडली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून पिल्लू म्हणाली. धाकटीला ती पिल्लू म्हणायची. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण आई हसली. वर्षानं हसली.

१८ मार्च
बाईंच्या लक्षात आलं. पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, अजून वेळ आहे, करडीत बस, नाव घे.
करडीपाशी गेले. तिची गादी दबलेली होती. ऊबदार. तिथं कुणीतरी रडत होतं — माझ्या आवाजात.
नाव जिभेवर होतं. पण मग आईला परत सांगायचं, की पिल्लू गेली? एकदा सांगितलंय मी. पुन्हा नाही सांगवत. बाईंचा हात सोडवून तशीच घरी आले.

२३ मार्च
आई गुणगुणते. माझे केस विंचरते. तिनं विचारलं, ताई कुठंय गं? कामावर, म्हटलं.
ताईचं नाव — मला ताईचं नाव आठवत —

२६ मार्च
हिरवा स्वेटर घातलाय. छान बसतो.
दुपारी फोन वाजला. दवाखान्याचा नंबर. आई म्हणाली, उचल की. नाही उचलला.
परत वाजला. कट केला.
आता तिसऱ्यांदा — ताईच आहे. रडत असेल. तिला काहीतरी सांगायचं — उचलते गं आई, उचलते, एवढं वाक्य पुरं झालं की